जपानी की लाखेचं? सुरतेच्या वाटेवरची एक चकचकीत गफलत

सुरत, नवसारी, बारडोली, कामरेज या पट्ट्यातल्या जुन्या घरांत काचेच्या कपाटात बघा, एखादी काळी चकचकीत वस्तू हमखास सापडते. कुठे तबक, कुठे लहान लहान खणांची पेटी, कुठे नुसतं झाकण उरलेला डबा. काळ्या जमिनीवर सोनेरी पक्षी, बांबू, डोंगर, एखादा कमानीचा पूल. हे काय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ते जपानी लाखेचं आहे."

या साध्या वाक्यातले दोन शब्द सहसा एकत्र नांदत नाहीत. वस्तू जपानी असेल तर ती लाखेची नाही, आणि लाखेची असेल तर बहुधा जपानी नाही. हे सांगितलं की लोक जरा दुखावतात. आपल्या घरातल्या वस्तूवर कोणी शंका घेतली असं वाटतं. पण मी मूळचा कोटिंगच्या धंद्यातला इंजिनिअर. सव्वीस वर्षं लोखंडाच्या टाक्यांवर आणि पाइपांवर कुठला थर किती जाडीचा बसतो, कशाने उखडतो हेच बघत आलो. त्यामुळे इतिहासाच्या आधी माझी नजर थराकडे जाते. या प्रश्नात तर थरच सगळं बोलतो.

आधी लाख. ही आपल्याकडच्या एका किड्याची देणगी. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतात. फांद्या खरवडून ते काढायचं, धुऊन त्यातला लाल रंग वेगळा करायचा, वितळवून गाळायचं, की चपडा तयार. पॉलिशवाल्याकडे पातळ सोनेरी पापुद्रे मिळतात ते हेच. चपडा गरम केला की मऊ होतो, थंड झाला की कडक. पुन्हा गरम करा, पुन्हा मऊ. स्पिरिटमध्ये टाका, विरघळतो. आमच्या भाषेत थर्मोप्लास्टिक. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या याच लाखेच्या भुकटीत भर मिसळून दाबलेल्या. उन्हात राहिल्या की पापडासारख्या वाकत, तो गुण लाखेचाच. आणि पांडवांसाठी बांधलेलं घर लाखेचं का होतं, हे ज्याने पेटलेल्या काडीवर लाख धरून पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

जपानी काम वेगळ्याच द्रव्याचं. त्याला तिकडे उरुशी म्हणतात. हा झाडाचा चीक. बिब्बा, काजू, आंबा ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. आपल्याकडे बिब्बा उततो, अंगावर फोड येतात, तसाच उरुशीचा ओला चीक उततो. कारणही जवळचंच, चिकातली द्रव्यं एकमेकांची भावंडं आहेत. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला चिरा पाडून हंगामभरात जेमतेम दोनशे ग्रॅम चीक मिळतो आणि मग ते झाड तोडतात. आणि हा चीक उन्हात वाळत नाही. त्याला दमट हवा लागते. हवेतली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवलेल्या लाकडी कपाटात वस्तू ठेवतात, तेव्हा कुठे थर घट्ट होतो. कारण ते वाळणं नव्हेच, ती रासायनिक क्रिया आहे. चिकातच एक एन्झाइम असतं, ते हवेतला प्राणवायू घेऊन रेणूंना एकमेकांत गुंतवतं. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. एकदा गुंतलेली ती जाळी पुन्हा सुटत नाही. गरम केली तरी वितळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळत नाही. आमच्या भाषेत थर्मोसेट, म्हणजे आपल्या इपॉक्सीची आजी.

किती टिकाऊ, त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १८७३ साली व्हिएन्नाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. जपानने तिथे आपला उत्तम माल पाठवला होता. परतीच्या प्रवासात, मार्च १८७४ मध्ये, 'निल' नावाचं फ्रेंच जहाज जपानच्या किनाऱ्याजवळ इझू द्वीपकल्पाशी फुटलं आणि माल तळाला गेला. वर्षाहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात पडलेल्या काही उरुशीच्या वस्तू पाणबुड्यांनी वर काढल्या, तर त्यांची चकाकी जवळजवळ शाबूत. एवढ्या मुदतीच्या सॉल्ट वॉटर टेस्टमधून आमचे कितीतरी थर सुटले नसते.

मग दोन इतक्या भिन्न गोष्टींना एक नाव कसं पडलं? तर 'लॅकर' हा शब्दच मुळात आपल्या लाखेचा. संस्कृत लाक्षा, आपली लाख, फारसी-अरबी वळणाने पोर्तुगीजांच्या तोंडी 'लाका'. पोर्तुगीज आधी आपल्या किनाऱ्यावर आले, इथलं चकचकीत रंगकाम पाहिलं, शब्द उचलला. १५४३ मध्ये ते जपानला पोहोचले, तिथेही चकचकीत काम दिसलं, तोच शब्द त्याला चिकटवला. म्हणजे जपानी वस्तूच्या अंगात लाख नाही, नावात मात्र आहे. योशिदांच्या त्या एन्झाइमलाही पुढे 'लॅकेस' असं नाव पडलं. त्यातही आपली लाख बसली आहे.

आता कामरेजकडे वळतो, कारण आमच्या मंडळात 'पण यात कामरेज कुठे आलं?' हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणाला चहा मिळत नाही.

आज कामरेज म्हणजे हायवेचा चौक, ट्रकांची रांग, पोंकाच्या दिवसांत हुरड्याचे मांडव. पण तापीकाठचं हे गाव फार जुनं. सातव्या शतकाच्या अखेरच्या चालुक्य ताम्रपटात 'कार्मणेय आहार' असा प्रांताचा उल्लेख येतो, तो हाच. २००३ साली इथे उत्खनन झालं, त्यात पश्चिम आशियाशी आणि रोमन जगाशी चाललेल्या समुद्री व्यापाराच्या खुणा, मुख्यतः परदेशी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मिळाले. सुरत नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी तापीचं बंदर इथे होतं. आणि त्याच काळातल्या, पहिल्या शतकातल्या, 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात आफ्रिकेच्या अडुलिस बंदरात आपल्या बाजूच्या 'अरियाके' प्रदेशातून येणाऱ्या मालाची यादी आहे. लोखंड, पोलाद, सुती कापड, आणि शेवटाकडे 'लाक्कोस क्रोमातिनोस', म्हणजे रंगाची लाख. कामरेजच्या धक्क्यावरून लाखेची पोती चढली असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा जमिनीतून निघालेला नाही. पण या किनाऱ्याची लाख दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडत होती, एवढं त्या एका ओळीतून पक्कं होतं.

सतराव्या शतकात चित्र अधिक स्पष्ट होतं, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये अनेकदा सुरतेत राहिला. लाखेबद्दल लिहिताना तो एक गोष्ट सहज सांगून जातो, पण माझ्या दृष्टीने त्याच्या पुस्तकातल्या हिऱ्यांपेक्षा ती मोलाची आहे. सुरतेत पुष्कळ बायका लाख साफ करण्यावर पोट भरतात, असं तो म्हणतो. आधी लाखेतला लाल रंग कापड रंगवायला काढून घ्यायचा. उरलेला गाळ या बायका धुऊन, निवडून स्वच्छ करायच्या, हवा तो रंग घालायच्या आणि मोहोर उठवायला लागतात तशा कांड्या वळायच्या. इंग्रज आणि डच कंपन्या मिळून वर्षाला दीडशे पेट्या उचलत.

दीडशे पेट्या! त्या बायका कोण, कुठल्या मोहल्ल्यात बसत, दिवसाला काय मिळे, यातलं काही त्याने टिपलं नाही. भाव मात्र टिपला. सुरतेत जेवढ्या पैशात लाखेचा अख्खा पौंड मिळे, तेवढे पैसे फ्रान्समध्ये एका औंसाला पडत, आणि वर त्यात निम्मी राळ मिसळलेली. व्यापाऱ्याची नजर ती. तरी त्या चार ओळींमुळे सुरतेच्या कामकरी बायकांचा एक धंदा कागदावर राहिला.

ही लाख युरोपात जाऊन काय व्हायची? बरीचशी पत्रांवर आणि दस्तऐवजांवर मोहोर उठवायला. पण काही भाग भलत्याच कामाला लागला. त्या वेळी युरोपातल्या श्रीमंत घरांत जपानी पेट्यांचं वेड शिरलं होतं. खरा माल दुर्मिळ. १६३९ नंतर पोर्तुगीजांना जपानमध्ये मज्जाव झाला, १६४१ पासून युरोपियांपैकी फक्त डच नागासाकीच्या देशिमा बेटावर कोंडून व्यापार करू लागले. म्हणजे दुकान एकच, भाव त्यांचा. मग तिकडच्या सुतारांनी आणि हौशी बायकांनी नक्कल सुरू केली. उरुशीचा चीक जहाजात टिकत नाही, आणि टिकला तरी तो बसवायचं तंत्र माहीत नाही. तेव्हा त्यांनी लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, काळा रंग घातला, थरावर थर दिले आणि वर सोनेरी पक्षी काढले. १६८८ साली इंग्लंडमध्ये स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी या कलेवर पुस्तकच छापलं. कलेचं नाव 'जपानिंग'. तिचा मुख्य कच्चा माल आपली लाख.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. लंडनच्या दिवाणखान्यात 'जपान' म्हणून मिरवणाऱ्या त्या कपाटांची चकाकी हिंदुस्थानी होती, आणि त्यातला काही अंश तरी सुरतेच्या बायकांच्या हातून निवडून गेलेला असणार. नाव जपानचं, नक्षी चीनची, मालक इंग्रज आणि लाख आपली.

हा शब्द आजही जिवंत आहे. हार्डवेअरच्या दुकानात 'ब्लॅक जपान' मागा, डांबरासारखा काळा रंग मिळतो. लोखंडाला लावायला आम्ही तो कितीदा वापरला. त्यावर भारतीय मानकही आहे, आयएस ३४१. त्या डब्यात ना जपान ना लाख, पण नाव तेच साडेतीनशे वर्षांपूर्वीचं.

खऱ्या जपानी वस्तू मात्र सुरतेवरून नक्की गेल्या, आणि त्याला साक्षीदार आहे. १६६२ साली सुरतेच्या डच वखारीचा प्रमुख दिर्क व्हान आद्रिखेम औरंगजेबाला मुजरा करायला दिल्लीला गेला. बादशहा नुकताच गादीवर स्थिरावला होता, सवलती पदरात पाडून घ्यायच्या होत्या. बर्निये तेव्हा दिल्लीत होता. नजराण्यात तांबडी आणि हिरवी बनात, मोठाले आरसे, आणि चीन-जपानच्या कारागिरीच्या वस्तू होत्या असं तो लिहितो. त्यातली एक पालखी आणि एक तख्त-ए-रवान, म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहायचं सिंहासन, दरबारात फार वाखाणलं गेलं. ही सगळी मिरवणूक सुरतेहून निघाली. पुढे अठरा-एकोणीस महिन्यांत, जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराज सुरतेवर आले. मराठी वाचकाला सुरत आठवते ती तिथून. पण त्याआधीची ही जपानी पालखीची सुरतही त्याच गल्ल्यांतली.

डचांचा खरा धंदा अर्थात जपानी तांब्याचा होता. तांब्याच्या कांड्यांना सुरतेत मोठं गिऱ्हाईक. उरुशीच्या वस्तू म्हणजे वरची मिठाई, अधिकाऱ्यांचे हात ओले करायला.

इथे एक वाद नोंदवतो. मंडळातले आमचे एक ज्येष्ठ सदस्य मोठ्या आवेशाने म्हणतात की जपान्यांना हे काम गुजरातनेच शिकवलं. त्यांच्या म्हणण्याला आधार अगदीच नाही असं नाही. पोर्तुगीजांसाठी १५८० ते १६३० च्या सुमारास जपानात ज्या पेट्या, घडीची बायबल-घोडी, लहान देव्हारे बनले, त्यांना 'नानबान' काम म्हणतात. काळ्या जमिनीवर शिंपेचे तुकडे इतके दाट की रिकामी जागाच नाही. आणि असंच, काळ्या राळेत शिंपेचे तुकडे बसवलेलं काम त्याच काळात गुजरातेत होत होतं आणि खंबायत, सुरतेच्या बाजूने गोव्यामार्गे जगभर जात होतं. अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त गुजरातच्या कारागिरांच्या शिंपकामाची, त्यांच्या पेट्यांची आणि दौतींची तारीफ करतो. फतेहपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवरची शिंपेने मढवलेली लाकडी छत्री पाहिली असेल तर कल्पना येईल. १५०२ साली मेलिंदेच्या राजाने वास्को द गामाला खंबायतचा शिंपकामाचा पलंग भेट दिला, असं गास्पार कोरेया लिहितो. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी ही एकाच जहाजाची वाट. गोव्यातल्या व्यापाऱ्याने गुजराती पेटी नेऊन नागासाकीच्या कारागिरापुढे ठेवली आणि 'अशी दाट भर' म्हणून सांगितलं, हे घडण्यासारखं आहे, आणि बरेच अभ्यासक नानबान कामात गुजराती वळण पाहतात.

पण 'शिकवलं' हा शब्द मला पटत नाही. लाकडात शिंप बसवणं जपानला आठव्या शतकापासून येत होतं, नाराच्या शाही कोठारात तशा वस्तू आजही आहेत. उरुशी तर त्यांची त्याहूनही जुनी. गेली ती गिऱ्हाइकाची आवड, कला नव्हे. बाजारात असं नेहमीच होतं. गिऱ्हाईक एका गावचा नमुना दुसऱ्या गावच्या कारागिराला दाखवतं. यात आपलं महत्त्व कमी होत नाही. उलट गुजरातचा नमुना दाखवण्याजोगा होता, हे त्यातून दिसतं.

आता आपल्या कपाटांतल्या वस्तूंकडे. त्या काही नानबान नाहीत. फार झालं तर सव्वाशे-दीडशे वर्षांच्या. त्या इकडे आल्या त्याचा रस्ता नवसारीवरून जातो. जमशेटजी टाटा नवसारीचे, आणि नवसारी तेव्हा गायकवाडांच्या राज्यात. १८९३ साली ते जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी बोलणं केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईसाठी निघालं. हेतू कापसाचा आणि सुताचा होता, इंग्रज जहाज कंपन्यांची भाड्याची मक्तेदारी मोडायची होती. पण जहाज काय एकच माल आणत नाही. मेजी काळातल्या जपानने निर्यातीसाठी उरुशीची तबकं, चहाचे डबे, हातमोज्यांच्या पेट्या यांचा ढीग लावला होता. मुंबईच्या बाजारात त्या आल्या, पारशी घरांत स्थिरावल्या, आणि लग्नाकार्यात, बदलीत, लिलावात हळूहळू सगळीकडे पसरल्या. मोठे संग्रहही झाले. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्याकडून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला पूर्वेकडच्या देशांतल्या वस्तू मिळाल्या. सयाजीराव गायकवाड १९१० साली जपान पाहून आले आणि बडोद्याच्या संग्रहालयात जपानी विभाग आहे. सुरतेहून बडोदा दोन-अडीच तासांवर. खरं काम डोळ्याखालून घालायचं असेल तर आधी तिथे जा. नजर एकदा बसली की मग घरची वस्तू ओळखायला दहा मिनिटं पुरतात.

कामरेज महाल नवसारी प्रांतात, म्हणजे बडोदे संस्थानात. त्यामुळे वहिवाटदार कचेरीत, शाळाखात्यात मराठी कारकून-मास्तर इथे आले आणि काही घरं इथेच राहिली. अशाच एका घरातल्या काकूंनी मागच्या पावसाळ्यात मला बोलावलं. सासऱ्यांच्या वडिलांपासून चालत आलेल्या दोन वस्तू, काळं तबक आणि लाल-हिरव्या पट्ट्यांचा कुंकवाचा करंडा. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा दलाल येऊन गेला होता. तबकाला त्याने बरा भाव सांगितला आणि करंडा 'वरून' मागितला. थोरल्याला विकायचं होतं, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. धाकट्याला आजोबांची वस्तू जाऊ द्यायची नव्हती. दोघांची बोलाचाली बंद. काकू म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नुसतं सांगा, हे आहे काय. मग ते दोघं बघतील."

मी भिंग आणि बॅटरी घेऊन बसलो. सुईचं टोक तापवून टोचणं, कोपऱ्याला स्पिरिट लावणं असल्या परीक्षा लोक सांगतात. त्या करू नका. परीक्षा खरी ठरते, पण वस्तूवर कायमचा डाग राहतो. नुसतं पाहूनही पुष्कळ कळतं. तबकाची कड जिथे झिजली होती तिथे थर उकललेला दिसत होता. वर पातळ काळा, त्याखाली राखाडी मातकट अस्तर, मग लाकूड. चिकात माती कालवून दिलेलं असं अस्तर हे उरुशीच्या कामाचं लक्षण. सोनेरी पक्षी कुंचल्याने रंगवलेला नव्हता. भिंगाखाली सोन्याच्या भुकटीचे सुटे कण दिसत होते. ओल्या उरुशीने चित्र काढायचं आणि वर भुकटी शिंपडायची, याला तिकडे माकी-ए म्हणतात, म्हणजे शब्दशः शिंपडलेलं चित्र, आपल्या रांगोळीसारखं. एका बाजूला काळा रंग तपकिरी पडून निस्तेज झाला होता. तबक वर्षानुवर्षं खिडकीकडे एकच बाजू करून उभं होतं. उरुशीला पाणी, मीठ, आम्ल यांचं फारसं काही वाटत नाही, पण ऊन तिला खातं.

तर तबक खरंच जपानी, निर्यातीच्या मालातलं. दुर्मिळ नाही. भुकटी विरळ मारलेली, पक्षी घाईत काढलेला. असे हजारोंनी निघाले. दलालाने सांगितलेला भाव वाजवी होता, फार चढा नाही आणि फसवणूकही नाही, हे मी दोन्ही मुलांसमोर सांगितलं.

करंड्यावर माझा जास्त वेळ गेला. आतल्या बाजूला चरकावर कातल्याच्या बारीक गोल रेघा. पट्टे कुंचल्याचे नाहीत, दोन रंगांच्या सीमेवर लाख एकमेकींत किंचित ओढली गेलेली. म्हणजे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवून केलेलं काम. कांडी टेकली की घर्षणाने तापते, वितळते आणि लाकडावर पसरते. मग वरून घासून चकाकी आणायची. गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने १५९६ साली छापलेल्या पुस्तकात हीच रीत लिहून ठेवली आहे. कातारी लाख फिरत्या लाकडाला लावतो, उष्णतेने ती नखाएवढ्या जाडीची बसते, आणि मग रुंद, सुक्या पात्याने घासून ती काचेसारखी करतात. संखेड्याला जा, आजही खरादी लाख चढवून वर केवड्याचं पान धरतो. सव्वाचारशे वर्षांत पान बदललेलं नाही. आता ते गाव छोटा उदेपूर जिल्ह्यात आलं. तिथले हिंडोळे आणि पाळणे सुरतेच्या घराघरांत आहेत. त्यांच्यावरची सोनेरी नक्षी सोन्याची नसते. कथिलाची भुकटी, आणि तिच्यावर पारदर्शक लाखेचा पिवळसर थर. जपान्याने खरं सोनं शिंपडलं, आपल्या खराद्याने कथिलाचं सोनं केलं. मला विचाराल तर इंजिनिअर म्हणून दुसऱ्याला जास्त मार्क.

पण काकूंचा करंडा संखेड्याचा वाटत नव्हता. त्याची घडण आणि पट्ट्यांची चढउतार सावंतवाडीच्या कातकामाकडे झुकणारी. बडोद्याच्या नोकरीतली कोकणातली घरं सुट्टीत गावी जात, येताना लाखेची खेळणी आणि करंडे आणत, त्यामुळे ते असंभव नाही. सावंतवाडीचं हे काम एका टप्प्यावर संपत आलं होतं. गंजिफाची पानं रंगवणारे चितारी बोटावर मोजण्याइतके उरले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती कला स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच कारखाना घातला, आणि ती टिकली. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. म्हणजे बडोदे आणि सावंतवाडीचा हा धागा काकूंच्या करंड्यापुरता नाही.

मी काकूंना सांगितलं की दलाल ज्याला 'वरून' म्हणतो ती वस्तू दोघींतली कमी मिळणारी आहे. तबकं निर्यातीची, ती जगभर जपून ठेवली गेली. करंडा रोज वापरायची वस्तू. घासला गेला, पडला, चुलीजवळ मऊ झाला, टाकून दिला. म्हणून जुना उरत नाही. धाकटा म्हणाला, "मग दोन्ही ठेवूया." थोरला गप्प बसला. आठवड्याने काकूंनी फोन केला. तबक दिलं, फी भरली. देण्याआधी माझ्याकडून फोटो आणि मापं घेऊन ठेवली, ती मंडळाच्या नोंदीत आहेत. दलालाने करंड्यासाठी पुन्हा हात पुढे केला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "त्यात कुंकू आहे, दिसत नाही का?" धाकट्याचा राग पुरता गेलेला नाही, असं त्या म्हणाल्या. जाईल.

ज्यांच्या घरी अशा वस्तू आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. लाखेच्या वस्तूला स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर लावायचं नाही. करोनाच्या दोन वर्षांत मी तीन घरांत सॅनिटायझरने पांढुरके पडलेले हिंडोळ्याचे खांब पाहिले. लाखेला गरम भांडं टेकवू नका, मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका. साधं मऊ सुती फडकं, हवं तर किंचित ओलं, पुरे. उरुशीच्या वस्तूला पाण्याचं भय कमी, पण उन्हाचं आणि कोरड्या हवेचं जास्त. एसीच्या झोताखाली आतलं लाकूड आकसतं आणि थर तडकतो. सुरतेची दमट हवा आपल्याला नकोशी वाटते, पण तिला ती मानवते. तेव्हा एसी नसलेल्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवा आणि दर चार-सहा महिन्यांनी बाजू फिरवा. उडालेल्या टवक्यावर फेविक्विक लावू नका. टवका कागदात गुंडाळून वस्तूबरोबर ठेवा, पुढे कोणी जाणकार तो बसवू शकेल. आणि पॉलिशवाला 'नवीन करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.